गुलामीत अक्षरओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना. तिथल्या काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी जे झटले त्यांना. त्या अर्पणपत्रिकेपाशी आलं की ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "तिकडेही शिकायला बंदी होती का?" मग एकातून दुसरा प्रश्न निघत जातो. नेहमीचे तेवढे इथे घेतले आहेत. सगळं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांबद्दल आहे आणि बहुतेक १८६५ च्या, म्हणजे गुलामी संपण्याच्या आधीचं.

गुलामांना शिकवू नये असा खरोखर कायदा होता, की नुसती रीत होती?

लेखी कायदा होता, दंडाच्या रकमेसकट. पहिला ठळक कायदा साऊथ कॅरोलायनाचा, १७४० सालचा. आदल्याच वर्षी तिथे स्टोनो नदीकाठी गुलामांचा उठाव झाला होता. गुलामाला लिहायला शिकवलं किंवा त्याच्याकडून लेखनिकाचं काम करून घेतलं तर १०० पौंड दंड, असं त्यात म्हटलं आहे. वाचनाचं नाव त्यात नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

त्यानंतर खरी लाट आली १८२९ पासून. बोस्टनमध्ये जुने कपडे विकणारा डेव्हिड वॉकर नावाचा स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेला, काळा माणूस होता. त्याने गुलामीविरुद्ध एक जहाल पत्रक छापलं आणि खलाशांच्या हातून ते दक्षिणेत पोचू लागलं. सव्हाना बंदरात प्रती सापडल्या आणि डिसेंबर १८२९ मध्ये जॉर्जियाने शिकवण्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना, १८३१ च्या एप्रिलात व्हर्जिनिया. त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाचा उठाव झाला. टर्नर स्वतः वाचता येणारा, बायबल कोळून प्यालेला. मग काय, मालकांना हवा तो पुरावाच मिळाला. १८३२ मध्ये अलाबामाने दंड ठेवला २५० ते ५०० डॉलर. १८३४ मध्ये साऊथ कॅरोलायनाने जुन्या कायद्यात वाचनही घातलं.

सगळ्या राज्यांत?

नाही. केंटकी, टेनेसी, मेरीलँड इथे गुलामी होती, पण असा कायदा नव्हता. गुलामीतून सुटून पुढे लेखक आणि वक्ता म्हणून गाजलेला फ्रेडरिक डग्लस मेरीलँडमधल्या बाल्टिमोर शहरात शिकला. त्याच्या मालकाने बायकोला मात्र "हे बेकायदा आहे" असं ठणकावून सांगितलं होतं. कायदा असो वा नसो, मालकाचा शब्द गुलामापुरता कायदाच.

मालकांना एवढी कसली भीती होती?

शिकला की डोकं फिरतं, हे उत्तर सगळे देतात. ते खोटं नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात कारण सरळ लिहिलं आहे : शिकण्याने गुलामांच्या मनात असंतोष निर्माण होतो आणि त्यातून बंड होतं. पण मला विचाराल तर भीतीचं मूळ त्याहून साधं आणि रोजच्या व्यवहारातलं होतं. मूळ होतं चिठ्ठीत.

गुलामाला मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाच्या सहीची चिठ्ठी लागे. "अमुक माझा गडी, याला तमुक ठिकाणी जाऊन रविवारी परत यायची परवानगी आहे", एवढाच मजकूर. रात्री रस्त्यावर गोऱ्यांची गस्त फिरे. चिठ्ठी नसली की जागेवर फटके. लाखो माणसं काबूत ठेवणारी व्यवस्था अशी कागदाच्या चिटोऱ्यावर उभी होती. त्या चिटोऱ्यासाठी कुलूप नव्हतं, मोहोर नव्हती, होतं ते नुसतं अक्षर. ज्याला अक्षर काढता आलं, तो स्वतःला रजा देऊ शकत होता. शेजाऱ्यालाही.

डग्लसने नेमकं तेच केलं. १८३६ च्या ईस्टरला त्याने स्वतःसाठी आणि बरोबरच्यांसाठी मालकाच्या नावाने चिठ्ठ्या लिहिल्या : बाल्टिमोरला जाऊन ईस्टरची सुट्टी घालवायला परवानगी आहे. बेत फुटला, सगळे धरले गेले. धरपकडीच्या झटापटीतच त्याने आपली चिठ्ठी चुलीत टाकली होती. दोर बांधून नेत असताना सोबत्याने विचारलं, माझीचं काय करू? डग्लस म्हणाला, बिस्किटाबरोबर खाऊन टाक. पुरावा पोटात गेला.

म्हणून १७४० चा कायदा फक्त लिहिण्याविरुद्ध होता. वाचणारा गुलाम डोळ्यांत खुपायचा, लिहिणारा मालकाची सही करायचा.

मग वाचनाला आधी मुभा होती?

काही प्रमाणात होती आणि ती धर्मामुळे. प्रोटेस्टंट पंथात प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं अशी अपेक्षा असते. त्यामुळे मिशनरी आणि काही भाविक मालकिणी गुलामांना वाचायला शिकवत. वाचन आणि लेखन या तेव्हा वेगळ्या शिकवण्या होत्या. आधी वाचायचं, पुढे जमलं तर बोरू हातात. आपल्याकडे पाटीवर दोन्ही एकदमच सुरू होतं, त्यामुळे हे चटकन डोक्यात शिरत नाही.

१८३० नंतर उपदेश तोंडी करायची पद्धत रूढ झाली. प्रश्न पाठ, उत्तर पाठ, पुस्तक दूर. आवडतं वचन ठरलेलं : दासांनो, धन्याची आज्ञा पाळा. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडिज बेटांवरच्या गुलामांसाठी तर लंडनमध्ये १८०७ साली बायबलचे निवडक भागच छापले. त्यातून इस्रायली लोक मिसरच्या गुलामीतून बाहेर पडतात ती कथा गाळली होती! काय गाळलं यावरून गाळणाऱ्याला काय टोचत होतं ते कळतं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात आकडेमोडीला सूट होती हे खरं?

खरं आहे. लिहिणं-वाचणं नको, आकडे चालतील. कापसाच्या गठड्या आणि पिंपं मोजणारा गडी मालकाला हवाच होता.

वाचता येत नसलं तर रोजच्या आयुष्यात काय बिघडत होतं?

यावर विल्यम वेल्स ब्राऊनची हकिकत सांगतो, कारण ती मला सुटत नाही. ब्राऊन तरुणपणी एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे राबत होता. व्हिक्सबर्गमध्ये पाहुण्यांना वाइन वाढताना त्याने पेले काठोकाठ भरले, वाइन सांडली. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने त्याला एक चिठ्ठी आणि एक डॉलर देऊन तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे धाडलं. ब्राऊनला वाचता येत नव्हतं, पण पाल चुकचुकली. वाटेत एका खलाशाकडून त्याने चिठ्ठी वाचून घेतली. हे आणणाऱ्याला फटके द्यावेत, असं त्यात होतं. डॉलर त्याचीच मजुरी.

मग ब्राऊनने साधारण आपल्याच अंगाचा एक काळा माणूस गाठला. एक पेटी आणायची आहे असं सांगून चिठ्ठी आणि डॉलर त्याच्या हातात ठेवले. त्या बिचाऱ्यालाही वाचता येत नव्हतं. त्याला वीस फटके बसले. पुढे पळून सुटल्यावर ब्राऊन शिकला, लेखक झाला आणि ही गोष्ट त्याने स्वतःच छापली. त्या माणसाची आपण केलेली फसवणूक आपल्याला सलत राहिली, असंही लिहिलं. गुलामीत माणसाची नीती कशी पिळवटते हे दाखवायला त्याने दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःचाच दाखला दिला, म्हणून मला तो मोठा वाटतो.

पकडलं तर काय शिक्षा?

शिकवणारा कोण यावर ठरे. नॉर्थ कॅरोलायनात गोऱ्याला १०० ते २०० डॉलर दंड किंवा कैद, स्वतंत्र काळ्याला दंड, कैद किंवा २० ते ३९ फटके. एका गुलामाने दुसऱ्याला शिकवलं तर उघड्या पाठीवर ३९. व्हर्जिनियात नॉरफोक गावी मार्गारेट डग्लस या गोऱ्या बाईने स्वतंत्र काळ्या मुलांची शाळा घरात चालवली. तिला १८५४ साली महिनाभर तुरुंगात बसावं लागलं. आडनाव सारखं असलं तरी फ्रेडरिकशी तिचा संबंध नाही, हेही लोक विचारतात.

शिकणाऱ्याचा न्याय बहुधा कोर्टात होतच नसे, तो मळ्यावरच उरकला जाई. म्हातारपणी आठवणी सांगणाऱ्यांपैकी काहींनी बोटाचं पेर तोडल्याचं सांगितलं आहे : पहिल्यांदा सापडलं तर चाबूक, पुन्हा सापडलं तर त्याहून जबर फटके, तिसऱ्यांदा तर्जनीचं पेर. प्रत्यक्षात किती बोटं तुटली कोण जाणे. पण ही धमकी लहान मुलांच्या कानांवर होती आणि ती पुरेशी होती.

पाटी नाही, पुस्तक नाही, मास्तर नाही. शिकायचे तरी कसे?

चोरून, उसनं घेऊन, गोड बोलून, कधी कधी उघड चिडवून.

डग्लसचंच घ्या. आठेक वर्षांचा असताना तो बाल्टिमोरला ऑल्ड कुटुंबाकडे आला. मालकीण सोफिया हिने याआधी गुलाम कधी बाळगला नव्हता. तिने कौतुकाने त्याला मुळाक्षरं आणि तीन-चार अक्षरी शब्द शिकवले. नवऱ्याला कळल्यावर त्याने ते बंद पाडलं. बोट दिलं तर मनगट धरेल, असा एकूण त्याचा सूर. हे सगळं पोरासमोरच चाललं होतं. अक्षरात काहीतरी मोठी गोम आहे हे डग्लसला मालकाच्या त्या रागावरून कळलं.

मग त्याने रस्त्यावरची गोरी पोरं धरली. ती गरीब होती, घरात खायची मारामार. याच्याकडे मालकाच्या स्वयंपाकघरातली भाकर होती. भाकर द्यायची, धडा घ्यायचा, असा रोखीचा व्यवहार. निरोप पोचवायला निघाला की पुस्तक बरोबर घ्यायचा, काम पळत उरकायचा आणि वाचलेला वेळ धड्याला द्यायचा. बाराव्या वर्षाच्या सुमारास साठवलेल्या ५० सेंटमध्ये त्याने 'द कोलंबियन ऑरेटर' हे भाषणांचं पुस्तक विकत घेतलं.

लिहिणं तो शिकला जहाजांच्या गोदीत. सुतार फळी तासून झाली की ती कुठे बसवायची ते तिच्यावर लिहीत. डावीकडच्या फळीवर 'एल', उजवीकडच्या फळीवर 'एस', डावीकडे पुढे 'एल एफ', उजवीकडे मागे 'एस ए'. चार अक्षरं झाली. मग पोरांना म्हणायचा, "मला तुझ्याएवढं लिहिता येतं." "दाखव!" हा ती चार अक्षरं काढायचा आणि समोरचा पोरगा त्याला हरवायला आणखी दहा काढून दाखवायचा. कुंपण, विटांची भिंत, फरसबंदी ही पाटी आणि खडूचा तुकडा ही लेखणी. शेवटी मालकाच्या मुलाच्या जुन्या कित्त्याच्या वह्यांत, ओळींमधल्या रिकाम्या जागेत, तो हुबेहूब तेच अक्षर गिरवत बसे.

एवढं सविस्तर सांगितलं कारण त्याने ते स्वतः लिहून ठेवलं आहे. बाकीच्यांचे असे बारकावे कमी सापडतात. सव्हानातली सूझी किंग ही मुलगी एका स्वतंत्र काळ्या बाईकडे शिकायला जाई. पुस्तकं कागदात गुंडाळलेली, म्हणजे पोलिसाला वा गोऱ्या माणसाला दिसू नयेत. एकेकाने फाटकातून आत शिरायचं, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात बसायचं. शेजाऱ्यांना वाटे, पोरं कामधंदा शिकायला येतात. मिसिसिपीच्या रानात तर लोकांनी खड्डे खणले होते. वर फांद्या आणि वेली टाकून झाकायचे आणि रात्री आत उतरून शिकायचे. रात्रीच्या अभ्यासाला पाइनच्या चिकाळ लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या, तेवढाच उजेड.

पुस्तक बहुतेक वेळा एकच : नोआ वेबस्टरचं निळ्या पुठ्ठ्याचं स्पेलिंगचं पुस्तक. त्यात बी-ए, बी-ई, बी-आय अशा ओळी घोकायच्या, म्हणजे आपल्या बाराखडीची चुलत बहीणच. पुढे दोन उच्चारखंडांचे शब्द सुरू होत ते 'बेकर' पासून. त्यामुळे "मी बेकरपर्यंत पोचलो" असं म्हातारी माणसं आपलं शिक्षण मोजून सांगत.

म्हणजे काही मालक चांगलेही होते?

हा प्रश्न येतोच. नॉर्थ कॅरोलायनातल्या एडन्टन गावच्या हॅरिएट जेकब्जला तिच्या मालकिणीने वाचायला आणि शिवायला शिकवलं. हॅरिएटने त्याबद्दल तिचे आभार मानले आहेत. तीच मालकीण १८२५ साली वारली तेव्हा मृत्युपत्राने हॅरिएट तिच्या तीन वर्षांच्या भाचीच्या मालकीची झाली. अक्षर दिलं, मोकळीक दिली नाही. भाचीच्या बापाला या मुलीला वाचता येतं हे कळलं, तसा तो तिला घाणेरड्या चिठ्ठ्या लिहू लागला. वाचता येण्याचा असाही त्रास.

पण तिने तेच अक्षर त्याच्यावर उलटवलं. आजीच्या घराच्या पोटमाळ्यावर ती जवळजवळ सात वर्षं लपून होती. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वात उंच ठिकाणी तीन फूट. तिथून तिने मालकाला आणि आजीला पत्रं लिहिली आणि ती न्यूयॉर्कला नेऊन तिथल्या टपालात टाकायची व्यवस्था केली. रस्त्यांची नावं खरी वाटावीत म्हणून तिथल्या वर्तमानपत्राचा एक तुकडा वापरला. मालकाला वाटलं, पाखरू उत्तरेला उडालं. गंमत पुढे आहे. आजीच्या नावचं पत्र त्याने लपवलं, त्याऐवजी स्वतःच एक पत्र लिहिलं आणि हॅरिएटचं म्हणून आजीला वाचून दाखवलं. हॅरिएट तिथेच लपून ऐकत होती. दोघांच्याही हातात बनावट पत्रं, आणि खरी गोष्ट एकटीलाच ठाऊक.

आफ्रिकेतून आणलेले सगळे निरक्षरच होते ना?

नव्हते. पश्चिम आफ्रिकेतल्या मुसलमान मुलखांत मदरसे होते. सेनेगल नदीकडच्या फूटा टोरोचा ओमर इब्न सैद पंचवीस वर्षं शिकलेला विद्वान. १८०७ मध्ये त्याला चार्ल्सटनच्या बंदरात विकलं. तो पळाला, नॉर्थ कॅरोलायनात पकडला गेला आणि कोठडीत कोळशाने भिंतींवर अरबी लिहू लागला. लोक बघायला जमले. १८३१ मध्ये, म्हणजे त्या राज्यात बंदीचा कायदा होऊन वर्ष होतंय तोच, त्याने अरबीत आपली जीवनकथा लिहिली. ती आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. सुरुवात कुराणातल्या 'अल-मुल्क' या सूरेने केली आहे. मुल्क म्हणजे सत्ता, स्वामित्व. आपला 'मुलूख' तोच. सगळ्याचा मालक अल्ला, असं गुलामाने आरंभालाच लिहावं यात योगायोग असेल असं मला वाटत नाही.

लिहिता येऊ लागल्यावर ते काय लिहीत?

चिठ्ठ्या, पत्रं, प्रार्थना आणि कविता. जॉर्ज मोझेस हॉर्टनची गोष्ट मजेची आहे. चॅपेल हिलच्या विद्यापीठातले विद्यार्थी त्याच्याकडून प्रेयसीसाठी कविता करून घेत. दर २५ ते ७५ सेंट. तो वाचायला शिकला होता, लिहायला अजून नाही. त्यामुळे तो सांगायचा आणि गिऱ्हाईक उतरवून घ्यायचं. १८२९ मध्ये त्याचा संग्रह छापला गेला. त्या पैशांतून स्वातंत्र्य विकत घ्यायची आशा होती, ती काही फळली नाही. मोकळा झाला तो १८६५ मध्ये.

आणि साऊथ कॅरोलायनाच्या एजफील्ड भागातला कुंभार डेव्ह. हा थेट ओल्या मातीवर लिहायचा. भाजायच्या आधी रांजणाच्या खांद्यावर दोन ओळी, तारीख आणि स्वतःचं नाव. कवितेचा पहिला रांजण जुलै १८३४ चा, म्हणजे वाचन-लेखनावर बंदीचा कायदा झाला त्याच वर्षाचा. सर्वांच्या डोळ्यांदेखत, बाजारात विकायच्या मालावर! मांस-लोणची साठवायचे हे रांजण. सर्वांत मोठे ४० गॅलनचे, म्हणजे दीडशे लिटर. १८५७ च्या एका रांजणावर त्याने लिहिलंय की माझे सगेसोयरे कुठे असतील कोण जाणे, आणि सगळ्यांना, सगळ्या देशांना मैत्री. भाजलेली माती पुसता येत नाही, त्यामुळे ते अजून वाचता येतं.

शिकून सुखी झाले का?

डग्लस नाही म्हणतो. वाचन हे वरदान नसून शाप आहे असं आपल्याला कधी कधी वाटे, अडाणी सोबत्यांचा हेवा वाटे, असं त्याने लिहिलं आहे. दुखणं कळलं, औषध दिसेना. तरी पुढे मळ्यावर गेल्यावर त्याने रविवारची चोरटी शाळा काढली आणि चाळीसहून जास्त जण शिकायला आले. शापच असता तर वाटला नसता.

एकूण किती गुलामांना वाचता येत होतं?

१८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ३९ लाख ५० हजारांवर होती. त्यातले ५ टक्के साक्षर असावेत, हा काळे इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा अंदाज. काही अभ्यासक १० टक्क्यांपर्यंत जातात. मोजणं अवघडच, कारण वाचता येणारा शहाणा माणूस ते लपवत होता.

गुलामी संपल्यावर काय झालं?

संपायचीही वाट पाहिली नाही. उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध पेटलं आणि सप्टेंबर १८६१ मध्ये व्हर्जिनियात फोर्ट मन्रोजवळ मेरी पीक या स्वतंत्र काळ्या बाईने ओकच्या झाडाखाली उघड शाळा भरवली. आधी ती चोरून शिकवायची. सूझी किंग चौदाव्या वर्षी जॉर्जियातल्या एका बेटावर मुक्त झालेल्यांची शिक्षिका झाली. १८७० च्या सुमारास मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमेन्स ब्युरो या सरकारी खात्याच्या नोंदीतल्या शाळांत २ लाख ४० हजारांहून अधिक विद्यार्थी होते. आजी आणि नात एकाच बाकावर. पुढे नामवंत शिक्षक झालेला बुकर टी. वॉशिंग्टन गुलाम असताना मालकाच्या मुलीची पुस्तकं शाळेच्या दारापर्यंत पोचवायचा. मोकळा झाल्यावर त्याला पहिल्यांदा ओळखू आला तो १८ हा आकडा, सावत्र बापाच्या मिठाच्या पिंपांवरचा. १८७० मध्ये काळ्यांतले ८० टक्के निरक्षर होते, १९१० पर्यंत ३० टक्के उरले.

तेवढ्यात मिसिसिपीने १८९० मध्ये मतदाराला वाचनाची परीक्षा लावली. ज्यांच्या बापजाद्यांना वाचायला बंदी होती त्यांना आता वाचता येत नाही म्हणून मत नाही. ही परीक्षा मोडायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

आपल्याकडच्या शिक्षणबंदीशी तुलना करावी का?

करावी, पण दोन्ही एकच म्हणू नये. तिकडे सरकारने दंडाची रक्कम ठरवली होती. आपल्याकडे इंग्रजी अमलात असा कायदा नव्हता, उलट सरकारी शाळा कागदोपत्री सर्वांना खुल्या. तरी १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तेव्हा तो मिळाला नाही. तिकडे कायदा मोडला की पोलिस येत, इकडे रूढी मोडली की गाव येई. फुल्यांना हे साम्य १८७३ मध्ये दिसलं होतं, पुण्यात मुलींची शाळा काढून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

हे सगळं आपल्याला कळलं कसं?

डग्लस, जेकब्ज, ब्राऊन यांनी लिहिलं म्हणून. बाकीच्यांचं बरंचसं १९३६ ते १९३८ या काळात जमा झालं. मंदीच्या दिवसांत बेकार लेखकांना काम म्हणून अमेरिकी सरकारने त्यांना गुलामीत जन्मलेल्या माणसांकडे पाठवलं. १७ राज्यांतल्या २,३०० हून अधिक जणांच्या आठवणी टिपल्या गेल्या. खड्ड्यातल्या शाळा आणि बोटाचं पेर तिथूनच कळतं. टिपणारे बहुतेक गोरे, बोलणारे ऐंशी-नव्वदीचे. त्यातल्या कित्येकांना आपलं काय लिहून घेतलं आहे ते वाचून बघता येत नव्हतं.